भिंतीपल्याडची वाट (लेखांक ७)

माव्याच्या सोंडेतून किंवा पानावरच्या बारीकशा जखमेतून विषाणू पेशीत कसा शिरतो, हे गेल्या आठवड्यात पाहिले. पण एक पेशी बाधली म्हणून झाड आजारी पडत नाही. शेजारच्या पेशीत जायचे, तर मध्ये सेल्युलोजची भिंत असते. तिच्यात प्लाझ्मोडेस्माटा नावाच्या सूक्ष्म वाटा असतात. पण त्यांतून एरवी जेमतेम १,००० डाल्टनपर्यंतचे, म्हणजे साखरेसारखे छोटे रेणूच जातात. तंबाखूच्या मोझॅक विषाणूची कांडी तर ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड!

म्हणून हा विषाणू कांडीच्या रूपात पलीकडे जातच नाही. त्याचे उघडे आरएनए वाटेपलीकडे पोचते ते ३० किलोडाल्टनच्या एका प्रथिनाच्या मदतीने. यालाच चलन-प्रथिन म्हणतात. याचा पुरावा १९८७ साली अमेरिकेत रॉजर बीची यांच्या गटाने दिला. ३२ अंश सेल्सियसला ज्याचे चलन-प्रथिन निकामी होते असा एक विषाणू त्यांनी घेतला. तंबाखूच्या झाडांत फक्त या प्रथिनाचे धडधाकट जनुक घातल्यावर तोच पांगळा विषाणू त्या तापमानालाही पसरू लागला. दोन वर्षांनी दिसले, की अशा झाडांत सुमारे १०,००० डाल्टनचे रेणूही वाटेतून पार होतात.

मात्र हे एकट्या चलन-प्रथिनाचे काम नव्हे. पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनवर काम करणारे पेक्टिन मिथिलएस्टरेज हे वितंचक त्याला चिकटते. हा बंध तोडला की प्रसार थांबतो. शिवाय वाटेच्या तोंडाशी कॅलोज नावाचे द्रव्य साचून ती आवळली जाते, आणि ते कॅलोज विरघळवणारे ग्लुकानेज वितंचकही झाडाचेच. ते कमी असलेल्या तंबाखूत विषाणू रेंगाळतो. बरे, मोठे रेणू पलीकडे पाठवायची सोय झाडाने स्वतःसाठीच केलेली आहे. मक्याचे नॉटेड१ हे प्रथिन याच वाटांनी पेशीपेशींतून फिरते. विषाणू आयत्या बिळावर नागोबा, एवढेच.

पण झाडाच्या प्रथिनांशी लगट करायची, तर ओळख पटण्याचा धोका आलाच. रानटी टोमॅटोतून घेतलेल्या टीएम-२² या जनुकाचे प्रथिन नेमके चलन-प्रथिनच हेरते आणि बाधित पेशीचा बळी देऊन विषाणूला जागीच कोंडते. कित्येक दशके टोमॅटोचे वाण या एका जनुकाच्या भरवशावर टिकले. मग २०१४ साली इस्राएलमध्ये हीच प्रतिकारक्षम झाडे आजारी दिसू लागली. तपासात निघाला मोझॅक विषाणूचाच भाऊबंद, टोमॅटो ब्राऊन रुगोज फ्रूट व्हायरस. याच्या चलन-प्रथिनातली मोजकी अमिनो आम्ले वेगळी आहेत, त्यामुळे टीएम-२² ला ते ओळखूच येत नाही. पण या सुटकेची किंमत विषाणूने मोजली आहे. त्याचे चलन-प्रथिन जुन्या भावंडाच्या प्रथिनापेक्षा मंद चालते. हरितगृहवाल्यांना मात्र त्याचा फारसा दिलासा नाही, कारण एका झाडावरून दुसऱ्यावर तो मुख्यतः मजुरांच्या हातांनी आणि छाटणीच्या कात्रीने जातो.