ओट्यावरचा गणिताचा वर्ग

सैनिक शाळांच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ३०० पैकी १५० गुण गणिताचे असतात. म्हणजे तिथून निवडून आलेला प्रत्येक ज्युनिअर गणितात बराच असतो. हा पेपर मराठीतूनही देता येतो. मग तोच मुलगा पहिल्या दोन-तीन महिन्यांत अपूर्णांकांवर का अडकतो? संध्याकाळच्या प्रेपला त्याच्या शेजारी बसून पाहा. 'थ्री बाय फोर' म्हटले की तो गप्प होतो. 'पाऊण' म्हटले की लगेच उत्तर देतो. गणित त्याच्या डोक्यात आहे, पण नवीन भाषेत विचारायचा धीर होत नाही आणि मागच्या बाकावर तो कोणाला दिसतही नाही. असे एक वर्ष गेले की 'मला मॅथ्स जमत नाही' असे तो स्वतःच सांगू लागतो. पुढे एनडीएच्या लेखी परीक्षेत ९०० पैकी ३०० गुण गणिताचे असतात. त्या ३०० गुणांची वाट अशी सहावी-सातवीतच बंद होते.

सहावी ते आठवीचा गणिताचा वर्ग कसा मांडावा आणि कसा चालवावा, म्हणजे त्यात कोणी लपून राहणार नाही, हे मी या लेखात सांगणार आहे. मी ते तमिळनाडूतल्या एका खेड्यात पाहिले.

वडिलांची बदली तंजावरला झाल्यामुळे माझ्या सुट्ट्या तिकडे जातात. कुंभकोणमजवळ कावेरीच्या खोऱ्यात तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापले. त्यांचा मुलगा शहाजी याने १६९३ साली हे गाव ४६ विद्वानांना अग्रहार म्हणून दान दिले, म्हणून त्याला शहाजीराजपुरम असेही नाव आहे. या गावात एक निवृत्त गणित शिक्षक राहतात. त्यांच्या घरी आजही मराठी बोलतात. मी त्यांना गुरुजी म्हणतो, मुले 'सार' म्हणतात. घराच्या ओट्यावर ते रोज संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात सहावी ते आठवीच्या चौदा मुलामुलींचा गणिताचा वर्ग घेतात. मला तमिळ फारसे येत नाही, तरी दोन सुट्ट्या मी त्या वर्गात मदतनीस होतो. तिथली मांडणी अशी आहे.

१. जागा

तिकडच्या जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला, दाराच्या दोन्ही अंगांना ओटा असतो. त्याला तिण्णै म्हणतात. पूर्वी गावची शाळा याच ओट्यावर भरायची, म्हणून तिचे नाव तिण्णै पळ्ळिक्कूडम. आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळेची ती बहीणच. गुरुजींचा पहिला नियम असा की कोणी कोणाच्या मागे बसायचे नाही. मुले भिंतीला पाठ लावून घोड्याच्या नालेसारखी बसतात. मधली जागा मोकळी असते, त्यामुळे दोन पावलांत कोणाच्याही पाटीजवळ पोहोचता येते. आपल्या वर्गात बाके हलवता येत असतील तर हे पाच मिनिटांचे काम आहे. हलत नसतील तर प्रेपला फरशीवर सतरंजी टाकावी. एका वर्गात पंधरापेक्षा जास्त मुले नकोत. जास्त असतील तर दोन गट करावेत.

२. पाटी

प्रत्येकाच्या हातात पाटी असते. गुरुजी प्रश्न सांगतात, सगळे लिहितात, मग 'दाखवा' म्हटल्यावर सगळ्या पाट्या एकदम वर. आपल्या ड्रिलच्या हुकमासारखेच. एका प्रश्नाला चौदा उत्तरे एका नजरेत दिसतात. वर्गात 'समजले का?' असे विचारले की सगळे 'हो' म्हणतात. पाटीला तसे खोटे बोलता येत नाही.

पाटीची परंपरा तिकडे आणि इकडे सारखीच आहे. तिण्णै शाळेतली मुले वाळूत बोटाने अक्षरे गिरवत, आपल्याकडे धूळपाटी होती. कुंभकोणमच्या टाउन हायस्कूलमध्ये शिकलेले श्रीनिवास रामानुजन मोठेपणीसुद्धा गणिते पाटीवरच करत, कारण कागद परवडत नसे. हात थांबू नये म्हणून ते कोपराने पुसत. पाटीवर चुकीची भीती वाटत नाही, पुसले की गेले. आपल्याला नवीन पाट्या विकत घ्यायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये पांढरा कागद घातला आणि बोर्डाचा मार्कर घेतला की पाटी तयार. पुसायला जुना मोजा चालतो.

३. वेळ

पाऊण तासाच्या पिरियडपेक्षा ओट्यावरचा वर्ग मोठा, ७५ मिनिटांचा असतो. त्याचे तुकडे ठरलेले आहेत. पहिली १० मिनिटे तोंडी हिशोब, पुढची १० कालच्या चुका, मग २५ मिनिटे नवीन भाग, २० मिनिटे जोडीने सराव आणि शेवटची १० मिनिटे एकच प्रश्न. तो प्रत्येकाने चिठ्ठीवर एकट्याने सोडवून द्यायचा. रात्री गुरुजी चौदा चिठ्ठ्या वाचतात आणि दुसऱ्या दिवशीची दहा मिनिटे त्यावरून ठरवतात. कोणाला काय आले नाही हे त्यांना त्याच दिवशी कळते. आपल्याला ते टेस्टचे पेपर मिळाल्यावर कळते, तोपर्यंत धडा पुढे गेलेला असतो.

४. घरची नावे, हातातल्या वस्तू

अपूर्णांक शिकवताना गुरुजी आधी घरची नावे विचारतात. तमिळमध्ये पाव म्हणजे काल, अर्धा म्हणजे अरै, पाऊण म्हणजे मुक्काल. मुक्काल म्हणजे सरळ 'तीन काल'. १/८ ला अरैक्काल म्हणतात, म्हणजे अर्धा पाव. आपला 'अदपाव' अगदी तसाच आहे. १/१६ ला तिकडे मागाणी म्हणतात, तर आपल्याकडे शेराचा तेवढा भाग म्हणजे छटाक. त्याहून लहान भागांनाही तमिळमध्ये नावे आहेत : १/२० म्हणजे मा, १/८० म्हणजे काणी, १/३२० म्हणजे मुंतिरी. एक गंमत पाहा. तमिळमध्ये 'काल' म्हणजे पायसुद्धा. आपला 'पाव' संस्कृत 'पाद'वरून आला आणि त्याचाही अर्थ पायच. चार पायांपैकी एक पाय म्हणजे चौथा भाग.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ज्या भाषेत साडेतीनला पाढा आहे, त्या भाषेतल्या मुलाला अपूर्णांक परका नाही. परके आहे ते त्याचे इंग्रजी नाव. म्हणून फळ्यावर तीन रकाने करावेत : पाऊण, ३/४, थ्री फोर्थ्स. आठवड्याभरात मूल तिसऱ्या रकान्यावर येते.

नावांनंतर वस्तू. प्रत्येकाने कागदाची एक लांब पट्टी चार वेळा मधोमध दुमडायची. उलगडली की सोळा भाग दिसतात. आता पाऊण आणि अदपाव मिळून किती? पट्टीवर पाऊण म्हणजे बारा घरे, अदपाव म्हणजे दोन घरे, मिळून चौदा घरे, म्हणजे १४/१६, म्हणजे ७/८. 'छेद समान करा' हा नियम नंतर सांगितला तरी चालतो, कारण पट्टीच्या घड्यांनी तो आधीच दाखवलेला असतो. भागाकारही इथेच कळतो. पाऊणमध्ये अदपाव किती वेळा बसतात? सहा वेळा. म्हणून ३/४ भागिले १/८ बरोबर ६. भागून उत्तर मोठे का आले, हा प्रश्न मग कोणी विचारत नाही.

५. चुकीचे काय करायचे

३/४ अधिक १/८ बरोबर ४/१२, हे उत्तर कुंभकोणमलाही येते आणि आपल्याकडेही. वर वर मिळवले, खाली खाली मिळवले. गुरुजी ते 'चूक' म्हणून खोडत नाहीत. नाव न घेता ते फळ्यावर लिहितात आणि विचारतात, "४/१२ म्हणजे किती?" कोणीतरी सांगते, एक तृतीयांश. "मग पाऊणमध्ये आणखी थोडे घातले आणि कमी कसे झाले?" वर्ग हसतो आणि ज्याने लिहिले तोही हसतो. उत्तर तपासायची ही सवय नियमापेक्षा जास्त दिवस टिकते. वर्ग घेणाऱ्याने अशा उत्तरांची एक वेगळी वही ठेवावी. महिन्याभराने ती वाचली की पुढे काय शिकवायचे ते तीच सांगते.

६. मॉनिटर

चौदा मुलांना एक माणूस रोज ऐकू शकतो, पण चाळीस मुलांना नाही. यावर तिण्णै शाळेत जुना उपाय होता. पुढे गेलेला मुलगा मागच्यांना शिकवायचा. त्याला सट्टाम्पिळ्ळै म्हणत. याची एक गोष्ट आपल्याशी, म्हणजे फौजी शाळेत शिकणाऱ्यांशी, संबंधित आहे. १७८९ पासून मद्रासच्या एग्मोर भागात सैनिकांच्या अनाथ मुलांची एक शाळा होती. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री तिचे प्रमुख होते. त्यांनी एका देशी शाळेत मुलांना वाळूत लिहिताना पाहिले आणि तीच पद्धत आपल्या शाळेत आणायचे ठरवले. तिथल्या शिक्षकांना ती पटेना, तेव्हा बेलसाहेबांनी आठ वर्षांच्या एका विद्यार्थ्यालाच लहान वर्ग शिकवायला बसवले. प्रयोग यशस्वी झाला. १७९७ साली त्यांनी लंडनमध्ये त्याचा अहवाल छापला आणि ही पद्धत इंग्लंडच्या शाळांत 'मद्रास पद्धत' म्हणून पसरली. ओट्यावरची एक साधी युक्ती अशी समुद्रापार गेली.

पण या युक्तीची दुसरी बाजूही सांगायला हवी. जुन्या ओट्यावर छडी होती, शिक्षा कडक होत्या आणि मॉनिटरच्या हातातही अधिकार असायचा. आपल्याकडे सिनिऑरिटी असल्यामुळे हा धोका जास्त आहे. सिनिअर समोर बसला की ज्युनिअर 'यस सर' म्हणतो आणि काही विचारत नाही. मग गणित शिकवणे बाजूला राहते आणि रगडा सुरू होतो. म्हणून गुरुजींचे तीन नियम मला महत्त्वाचे वाटतात. मॉनिटर दर आठवड्याला बदलतो आणि प्रत्येकाची पाळी येते, मागे पडलेल्याचीसुद्धा. मॉनिटरने उत्तर सांगायचे नाही, फक्त पुढचा प्रश्न विचारायचा. आणि शिक्षा करायचा अधिकार कोणालाच नाही. एक सातवीतली मुलगी माझ्या पहिल्या सुट्टीत पाटी छातीशी धरून बसायची. दुसऱ्या सुट्टीत मी गेलो तेव्हा तिची मॉनिटरची पाळी होती आणि ती दोन मुलांना पट्टी दुमडायला लावत होती. अजूनही तिची उत्तरे कधी कधी चुकतात, पण पाटी सगळ्यांबरोबर वर येते.

७. वर्गाबाहेरचे गणित

आठवड्यातून एकदा वर्ग ओटा सोडून बाहेर जातो. तिरुविसनल्लूरच्या शिवमंदिराच्या भिंतीवर दगडी सूर्यघड्याळ आहे. अर्धवर्तुळ आणि मधोमध पितळेची सळई. ते चोळांच्या काळातले असल्याचे सांगतात. गुरुजींचा सहावीला प्रश्न : अर्धवर्तुळाचे १८० अंश, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा बारा तास, मग एका तासाला सावली किती अंश फिरेल? १५ अंश. सातवी-आठवीला प्रश्न : सूर्यघड्याळ आणि मनगटावरचे घड्याळ जुळत का नाही? आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची आहे. कुंभकोणम साधारण ७९.४ अंशावर आहे. एका अंशाला ४ मिनिटे, म्हणून फरक साधारण १२ मिनिटे. सातारा-पुणे ७४ अंशाच्या आसपास आहे, तिथे तो ३४ मिनिटे येतो. ऋतूप्रमाणे त्यात आणखी थोडी मिनिटे कमी-जास्त होतात.

असे घड्याळ आपल्यालाही करता येईल. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत हवी. सळई पृथ्वीच्या अक्षाला समांतर असली पाहिजे. तिरुविसनल्लूर ११ अक्षांशावर आहे, म्हणून तिथे भिंतीत सरळ आडवी ठोकलेली सळईसुद्धा अक्षाशी जवळजवळ समांतर होते. महाराष्ट्रात साताऱ्याजवळ सळईचे बाहेरचे टोक सुमारे १८ अंश खाली झुकवावे लागेल. मग कोनमापकाने दर १५ अंशांवर रेघ मारली तरी चूक दीड अंशापेक्षा कमी येते. अशा भिंतीवर दिवसभर ऊन २३ सप्टेंबर ते २१ मार्च या काळातच मिळते, म्हणून हे काम दुसऱ्या टर्मला घ्यावे.

सुरुवात कशी करायची

या टर्मपासून आमच्या हाऊसमध्ये सहावीच्या बारा ज्युनिअर्सचा असा वर्ग दर मंगळवारी आणि शुक्रवारी प्रेपला सुरू आहे. लागले एवढेच : बारा फोल्डर, बारा मार्कर, कागदाच्या पट्ट्या, एक वही आणि हाऊस मास्टरांची परवानगी. प्रेप एका तासाचा असल्यामुळे नवीन भाग १५ आणि सराव १५ मिनिटांवर आणला. तोंडी हिशोब, कालच्या चुका आणि शेवटची चिठ्ठी मात्र कापली नाही. दुसऱ्या हाऊसमध्ये कोणाला वर्ग सुरू करायचा असेल, तर मंगळवारी येऊन मागे उभे राहा. बसायला मागे जागा नाही, ती मुद्दामच ठेवलेली नाही.

कॅडेट, इयत्ता १० वी