गरम हवा येते कुठून? एअर-कूल्ड ९११ चा हीटर आणि माझी एक चूक

ज्यांना ऐकायला जमत नाही पण वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी गेल्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना एकच गोष्ट तीन-तीनदा सांगायची माझी सवय तुम्हाला माहिती आहे. ते तेवढं कापलंय, बाकी बोलणं आहे तसं ठेवलंय.

विषय आहे जुन्या पोर्शे ९११ चा हीटर. हे ऐकून धाराशिवातला माझा एक मित्र म्हणाला, "इथं मे महिन्यात स्टेअरिंगला हात लावता येत नाही, आणि तू लोकांना हीटर शिकवणार?" त्याचंही बरोबर आहे. पण हा हीटर दुरुस्त करताना मी एक सल्ला चुकीचा दिला. तो कुणाच्या जिवावर बेतू शकला असता, म्हणून हा भाग.

माझा धंदा तुम्हाला माहीत आहे. विहिरीवरची डिझेल इंजिनं, स्कूटर, जे येईल ते. पोर्शे आमच्या दारात कुठून येणार? पण माझा भाचा नोकरीसाठी जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. पोर्शेचं गाव तेच. त्यानं तिथं एक १९८२ सालची ९११ एससी घेतली. डिसेंबरात त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामा, गाडी झकास आहे, पण हीटरमध्ये जीव नाही. डाव्या बाजूनं हवा येतच नाही, उजव्या बाजूनं येते ती जळक्या वासाची." मागच्या छोट्या सीटवर त्याच्या मुलीची, म्हणजे माझ्या नातीची खुर्ची बसवलेली दिसत होती.

आधी चेतक आठवा

एअर-कूल्ड म्हणजे काय हे मराठवाड्यात कुणाला पुस्तकातून शिकवायची गरज नाही. बजाज चेतकचं साइड कव्हर उघडलंय ना कधी? इंजिनाच्या फ्लायव्हीललाच पंखा असतो आणि सिलिंडरभोवती पत्र्याचं कव्हर. पंखा हवा ढकलतो, कव्हर ती हवा सिलिंडरच्या पात्यांवरून फिरवतं. ते कव्हर काढून स्कूटर पळवली तर इंजिन जाम होणार, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक होतं.

९११ मध्ये तत्त्व हेच. १९६३ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दाखवली. तेव्हापासून १९९८ पर्यंत तिचं इंजिन हवेवरच थंड व्हायचं. इंजिन मागे, सहा सिलिंडर, तीन डावीकडे आणि तीन उजवीकडे, आडवे झोपलेले. वर बेल्टवर फिरणारा मोठा पंखा. रेडिएटर नाही, पाणी नाही.

पाणी नाही म्हटल्यावर हीटरचा प्रश्न येतो. आपल्या साध्या गाडीत इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्यावरून हवा सोडली की केबिन गरम होते. ९११ मध्ये हे पाणीच नाही. मग ऊब आणायची कुठून? तर सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाईपांकडून. इंजिनातून जळालेला धूर बाहेर पडतो तेव्हा ते पाईप काही शे अंश तापलेले असतात. कंपनीनं काय केलं, या पाईपांभोवती पत्र्याचं जॅकेट चढवलं. पाईपाच्या आतून धूर जातो, बाहेरून म्हणजे पाईप आणि जॅकेट यांच्या मधून ताजी हवा जाते. ती हवा तापते आणि केबिनमध्ये येते. या भागाला म्हणतात हीट एक्स्चेंजर. डावीकडे एक, उजवीकडे एक.

आता जरा थांबा आणि याचा अर्थ लक्षात घ्या. तुम्ही श्वासात घेता ती हवा आणि इंजिनाचा धूर, यांच्यामध्ये फक्त एका पाईपाची जाडी आहे. तो पाईप चाळीस वर्षं तापतोय, थंड होतोय. युरोपात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून उडून त्याला लागतंय.

हवेचा रस्ता

पंख्याची बरीचशी हवा सिलिंडरवर जाते. थोडी बाजूला काढून नालीदार पाईपातून खाली एक्स्चेंजरकडे पाठवतात. इंजिन मंद चालतं तेव्हा पंखाही मंद फिरतो आणि हवा कमी पडते, म्हणून एससी मॉडेलमध्ये मदतीला एक इलेक्ट्रिक ब्लोअरही दिलाय. एक्स्चेंजरमधून तापून निघालेली हवा एका झडपेच्या डब्याशी येते. सीटच्या मध्ये हीटरचा दांडा असतो, त्याची केबल ही झडप फिरवते. दांडा वर केला की हवा केबिनकडे, खाली केला की गाडीखाली बाहेर. म्हणजे हवा कायम तापतच असते, झडप फक्त तिची दिशा ठरवते. झडप उघडी अडकली तर उन्हाळ्यातही पाय भाजतात ते यामुळेच.

झडपेतून पुढे हवा दाराखालच्या पोकळ पट्टीतून, म्हणजे सिलमधून जाते आणि पायाशी व पुढच्या काचेवर निघते.

माझी चूक

भाच्यानं गाडी लिफ्टवर घेऊन कॅमेरा खाली फिरवला. मला दोन गोष्टी दिसल्या. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल गळून थेट तापलेल्या एक्स्चेंजरवर पडत होतं. म्हटलं, हा तुझा जळका वास. दुसरी, डावी झडप गंजून जाम झाली होती, जवळपास बंद स्थितीत. एक्स्चेंजर बाहेरून छान दिसत होते. आधीच्या कुणीतरी चंदेरी रंग मारलेला.

मी म्हणालो, "पॅकिंग बदल, सांडलेलं ऑइल साफ कर, झडपेला गंज सुटायचं तेल मार आणि मोकळी कर. झालं काम."

त्यानं तसंच केलं. वास गेला. दोन्ही बाजूंनी मस्त गरम हवा यायला लागली. "मामा, तुम्ही इथं गॅरेज टाका," म्हणाला. मीही खूश.

आठवड्यानं कॉल आला तेव्हा बोलता बोलता भाचेसून म्हणाली, "मामा, हल्ली गाडीत बसलं की माझं डोकं धरतं. उतरल्यावर अर्ध्या तासात थांबतं. आणि ही पोरगी, बसल्या बसल्या झोपते."

माझ्या पोटात गोळा आला. शिकाऊ होतो तेव्हा विहिरीवरच्या बंद इंजिनखोलीत सायलेन्सर फुटलेलं इंजिन चालू ठेवून मी काम करत बसलो होतो. डोकं असंच धरलं होतं, आणि उस्तादांनी मला ओढून बाहेर काढलं होतं. बाहेर आल्यावर थांबणारी डोकेदुखी म्हणजे काय, हे मला माहीत असायला हवं होतं.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून ठेवतं. आधी डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, मग गुंगी. आम्ही वास घालवला तो जळक्या ऑइलचा. गॅसचा वास मुळात नव्हताच. वास गेला म्हणून आम्ही निर्धास्त झालो.

आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट. डावा एक्स्चेंजर आतून फुटलेला होता. आधी डावी झडप जाम होती, त्यामुळे तिकडची बरीचशी हवा, आणि तिच्यातला गॅस, गाडीखाली निघून जात होता. माझं ऐकून ती झडप मोकळी केली आणि तो गॅस आम्ही स्वतःच्या हातानं केबिनमध्ये वळवला.

मी त्याला सांगितलं, आत्ता गाडी बंद, चावी खिळ्याला. मूल तर अजिबात बसवायचं नाही. हीटरचा दांडा खाली ठेवून चालवतो म्हणालास तरी नको, कारण जुन्या झडपा पूर्ण बंद होत नाहीत. आणि दोघींना आधी डॉक्टरकडे ने, गॅसबद्दल स्पष्ट सांग. त्या दोघी ठीक होत्या, देवीची कृपा.

मग काम नीट केलं, ते असं

पहिलं, पारख. थंड इंजिन चालू केल्यावर डावीकडून टिक-टिक आवाज यायचा आणि इंजिन तापल्यावर कमी व्हायचा. डोक्याशी पाईप जोडतात तिथं काजळीचा काळा फराटा होता. दोन्ही धूर गळत असल्याच्या खुणा. मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

दुसरं, एक्स्चेंजर काढणं. यात घाई केली तर डोक्यातला स्टड तुटतो आणि काम चौपट होतं. दोन-तीन दिवस आधीपासून नटांवर गंज सुटायचं तेल सोडायचं. तरी हलला नाही तर गॅसच्या ज्योतीनं फक्त नट लाल करायचा आणि मग पाना लावायचा. जवळ ऑइल आणि पेट्रोलच्या लाइन आहेत, म्हणून आग विझवायचा सिलिंडर हाताशी हवा. भाच्यानं हे काम तिथल्या जाणत्या मेकॅनिककडून करून घेतलं. शहाणपण केलं.

तिसरं, पिशवीची परीक्षा. काढलेल्या एक्स्चेंजरचा धुराचा पाईप एका टोकानं बंद करायचा. जॅकेटचं एक तोंड बंद करायचं, दुसऱ्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी रबरानं घट्ट बांधायची. आता धुराच्या पाईपाच्या उरलेल्या टोकातून ब्लोअरनं हवा सोडायची. पाईप धड असेल तर पिशवी तशीच लोंबत राहते. उजव्याची लोंबत राहिली. डाव्याची टम्म फुगली. बाहेरून चंदेरी रंग, आत भोक.

मी सवयीनं म्हणालो, वेल्डिंग मारून घेऊ. मग स्वतःलाच थांबवलं. एक भोक पडलं म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागदासारखा झालाय. जॅकेटखाली तो दिसतही नाही. आज इथं टाका मारला तर सहा महिन्यांनी शेजारी फुटणार, आणि फुटल्याचं कळायला वास येणार नाही. दोन्ही एक्स्चेंजर एकाच वयाचे, म्हणून दोन्ही बदलले. स्टेनलेस स्टीलचे मिळतात, ते घेतले. खर्च दणकून झाला. पॅकिंगही सगळी नवी टाकली, जुनं एकही परत बसवलं नाही.

चौथं, बाकीचा रस्ता. फाटलेले नालीदार पाईप बदलले. ब्लोअर तपासला. सिल आतून गंजलेत का ते पाहिलं. आणखी एक जागा लोक विसरतात. इंजिनाभोवतीचा पत्रा आणि बॉडी यांच्यामध्ये रबराची पट्टी असते. ती फाटली तर पंखा खालची गरम, धुराची हवा वर ओढतो आणि तीच हीटरमध्ये जाते. ती पट्टीही नवी लावली.

झडपा आणि केबल सगळ्यात शेवटी. आधी पाईप, मग झडप. मी हेच उलटं सांगितलं होतं.

पाचवं, मोजणं. इथं एक बारकावा आहे. घरात लावायचा अलार्म लगेच वाजत नाही. युरोपच्या मानकाप्रमाणे ५० पीपीएमला तो तास ते दीड तासानं वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. अर्ध्या तासाच्या प्रवासात तो गप्पच राहू शकतो. म्हणून गाडीसाठी आकडा दाखवणारा मीटर घ्यावा आणि हीटर पूर्ण उघडून, काचा बंद करून, आधी एकट्यानं जवळपास चक्कर मारून पाहावी.

तुमचे प्रश्न

"आपल्याकडे अशी गाडी असेल तर हीटर काढूनच टाकावा का?" काढता येतो. एक्स्चेंजरऐवजी साधे पाईप बसतात. पण पंख्याकडून हीटरला जाणारी तोंडं बंद करायला विसरू नका, नाहीतर इंजिनाच्या वाट्याची हवा तिथून वाया जाईल. चेतकचं कव्हर आठवा. केबिनकडे जाणारी तोंडंही बंद करा. आणि पावसाळ्यात काचेवर धुकं धरतं तेव्हा हीच गरम हवा काच साफ करते, हेही ध्यानात ठेवा.

"बीटलला हे लागू आहे का?" तंतोतंत. फोक्सवॅगन बीटलचं इंजिनही मागे, हवेवर थंड होणारं, आणि हीटर धुराच्या पाईपांवरच. पिशवीची परीक्षा तिलाही करा.

"आमच्याकडे यातलं काहीच नाही, मग आम्ही कशाला ऐकलं?" थंडीत दार-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवता? न्हाणीत गॅस गीझर आहे आणि झरोका बंद केलाय? शेडचं शटर ओढून गाडी चालू ठेवता? गॅस तोच आहे. डोकं धरलं आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर थांबलं, तर दुखण्याची गोळी शोधू नका, आधी आत काय जळतंय ते शोधा.

भाच्याचा परवा कॉल आला. नात अजूनही गाडीत बसली की झोपते, लहान मुलं झोपतातच. त्यानं मीटर कॅमेऱ्यासमोर धरला. आकडा शून्य होता. तरी मी त्याला सांगितलंय, दर हिवाळ्याच्या सुरुवातीला मला हा आकडा दाखवायचा.

पुढच्या भागात भेटू. प्रश्न पाठवत राहा.