कूतच्या वेढ्यांतील आठवणी

पानिपताची हकीगत आपल्या घरांतून आजोबा नातवांस सांगत आले. परंतु 1914 च्या महायुद्धांत मेसोपोटेमियांत, म्हणजे हल्लींच्या इराकांत, लढलेल्या मराठी शिपायांच्या आठवणी फारशा कोणाच्या कानीं नाहींत. असें कां व्हावें, याचा उलगडा आम्हांस टायग्रिस नदीकांठच्या कूत-अल्-अमारा या गांवीं होतो.

तेथें 7 डिसेंबर 1915 पासून 147 दिवस तुर्कांनीं जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणें डिव्हिजनला कोंडून धरलें. तींत 103, 110 व 117 या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सुटकेस निघालेल्या फौजेचे सुमारें 23 हजार लोक मेले वा घायाळ झाले, विमानांतून शिधा टाकून पाहिला, व्यर्थ! 29 एप्रिल 1916 रोजीं सुमारें 13 हजार लोक शरण गेले.

धान्य सरत आलें तेव्हां घोडीं व खेचरें मारून त्यांचें मांस वाटूं लागले. हिंदी शिपायांनीं तें नाकारलें. धर्मगुरूंचे परवानगीचे संदेश हिंदुस्थानांतून मागविले, तरी पुष्कळांचें मन वळेना. भाजीपाला नव्हताच, हिरड्या सुजून रक्त येऊं लागलें, जखमा भरून येईनात. धर्मगुरूंची मोकळीक होती, मग भीति कोणाची? परत गेल्यावर गांव काय म्हणेल, सोयरीक कोण करील, याची. तोफेपुढें न डगमगणारा गडी आपल्या गांवच्या पाराला भ्याला! आम्हां पांढरपेशांस यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. विलायतेहून परतलेल्या मुलास पंचगव्य पाजणारीं घरें आमचींच. अखेर एप्रिलांत भुकेपुढें पुष्कळांनीं हार खाल्ली. अशा माणसानें घरीं येऊन ओसरीवर काय सांगावें?

पुढें टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखांत राहिले. शिपाई मात्र वाळवंट तुडवीत रास-अल्-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर गेले. याच कैदेंत बंगाल अँब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी नांवाचे सुशिक्षित तरुण होते. त्यांनीं रोजनिशी ठेविली, पानें फाडून बुटांत लपविलीं, आणि 1957 सालीं ‘अभि ले बगदाद’ हें पुस्तक बंगालींत प्रसिद्ध केलें. त्यांत स्वतःच्या हालांबरोबर आर्मेनियन लोकांची दैना आहे, आणि शत्रूपक्षाच्या तुर्क माणसांविषयीं आपुलकीही आहे. लेखणी हातीं होती म्हणून एवढें उरलें. मराठी शिपायांपैकीं बहुतेकांस अक्षरओळख नव्हती.

सातारा जिल्ह्यांत अपशिंगे गांवीं त्या युद्धांत कामीं आलेल्या 46 जणांचें स्मारक आहे. तेथें आंकडा कळतो; त्या माणसांचें बोलणें कळत नाहीं. तथापि शिपायाचें पत्र आलें कीं तें वाचून दाखविण्यास व उत्तर लिहून देण्यास खेड्यांत शाळामास्तर नाहीं तर कुळकर्णीच गांठावा लागे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे पणजोबा त्याच पेशांतले. त्यांच्या जुन्या दप्तरांत बसऱ्याच्या शिक्क्याचें एखादें पाकीट निघालें, तर तें रद्दींत घालण्यापूर्वीं एकवार उघडून वाचावें.