मासेमारीचे जाळे घेताना सूत पारखा

धोम जलाशयावर व सांगलीच्या कृष्णेत छोट्या होडीतून मासेमारी करणाऱ्या बंधूंनी केवळ स्वस्त म्हणून जाळे घेऊ नये. आम्ही कापड-सुताचे व्यापारी, म्हणून सुताबद्दल सांगतो. सुती जाळे कुजते. नायलॉन कुजत नाही, पण उन्हाने कमजोर होते. ते सावलीत वाळवावे. नायलॉन पाण्यात बुडते, पॉलिप्रॉपिलीन तरंगते. दुकानातच तुकडा भिजवून, पाण्यात टाकून पाहावा. जाळे नायलॉनचे, वरचा दोर पॉलिप्रॉपिलीनचा, त्याला बोया आणि खाली शिसे, म्हणजे जाळे ताठ उभे राहते. जाळ्याचा आस ताणून मोजावा. बारीक आसात कटला-रोहूची पिल्ले अडकतात. आज चार किलो जास्त मिळतील, पण पुढच्या हंगामात होडी रिकामी परतेल. रोजीत बरकत हवी, तर पिल्लू पाण्यातच राहू द्यावे.