डबलसीटचे शास्त्र

मुले शिक्षणासाठी बाहेर पडली आणि घराचे हप्ते आटोक्यात आले, की पन्नाशीच्या आसपासच्या अनेक घरांत एक जुनी इच्छा पुन्हा डोके वर काढते. मोठी मोटरसायकल घ्यायची आणि दोघांनी मिळून कोकण, हंपी, जमल्यास लडाखही करायचे. गाडी निवडताना मात्र सगळी चौकशी पुढच्या सीटची होते. इंजिन किती सीसीचे, हँडल किती उंच, पाय जमिनीला टेकतात का, हे सारे पाहिले जाते. मागे बसणाऱ्याला शोरूममध्ये दोन मिनिटे बसवून ‘ठीक आहे ना?’ एवढेच विचारले जाते. त्या प्रश्नाचे खरे उत्तर पुढे पाचशे किलोमीटरच्या प्रवासानंतर कंबर, मान आणि मूत्राशय देतात.

बहुतेक जोडप्यांत मागे पत्नी असते. पती मागे आणि पत्नीच्या हाती हँडल, अशी जोडपीही आता घाटात भेटतात. मागे कोणीही असो, एकाच गाडीवरून एकाच रस्त्याने जाणारी दोन शरीरे दोन वेगळे प्रवास करत असतात. हा फरक ओळखला, तर डबलसीटचे निम्मे त्रास टळतात.

आधी कळणे आणि नंतर कळणे

गाडी चालवणाऱ्याला खड्डा दिसतो. ब्रेक दाबण्याचा निर्णय त्याचाच असतो, त्यामुळे हाताने ब्रेक ओढण्याआधीच मेंदूने पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना सावध केलेले असते. धक्का येतो तेव्हा शरीर तयार असते. घाटात बसच्या प्रवाशांना मळमळते आणि चालकाला सहसा मळमळत नाही, यामागेही हेच कारण आहे. पुढची हालचाल कोणती हे ज्याच्या मेंदूला आधी कळते, त्याचा तोल सहज सांभाळला जातो.

मागच्या व्यक्तीसमोर असते ते पुढच्याचे हेल्मेट. खड्डा, गतिरोधक, अचानक आडवी आलेली म्हैस, यांची बातमी तिला धक्क्यातूनच मिळते. स्नायू नंतर आवळले जातात. दिवसभरात असे शेकडो धक्के बसले, की संध्याकाळी मान आणि खांदे आखडतात. ‘नुसते मागे बसून इतके दमायला काय झाले?’ हा प्रश्न म्हणूनच गैरलागू आहे. धक्क्याची वाट पाहत सतत अंग आवळून बसणे हे स्नायूंसाठी कष्टाचेच काम आहे.

उपाय साधा आहे. पुढच्याने खड्ड्याआधी आवाज द्यावा किंवा डावा हात क्षणभर मांडीवर आपटून खूण करावी. हात सोडणे धोक्याचे असेल तिथे फक्त वेग कमी करावा. हेल्मेटमधले इंटरकॉम हे काम अधिक चांगले करतात. ब्रेक टप्प्याटप्प्याने दाबणे आणि गिअर झटका न देता बदलणे, ही मागच्या पाठीची मोठी सेवा आहे.

एसटीचा मागचा बाक

एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेला माणूस गतिरोधकावर छताकडे का उडतो, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो. मोटरसायकलवर चालवणारा दोन चाकांच्या मधोमध बसतो आणि मागची व्यक्ती जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावर. मागच्या चाकाला बसलेला धक्का पुढच्याला कमी जाणवतो, मागच्याला मात्र पुरता बसतो. बसलेल्या माणसाच्या पाठीचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो. उंचसखल रस्त्यावरचे हेलकावे नेमके याच पट्ट्याच्या आसपास येतात.

तरुणपणी याचा परिणाम पाठदुखीपुरता राहतो. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांच्या हाडांची घनता वेगाने कमी होते आणि ठिसूळ मणका एखाद्या जोरदार दणक्यानेही चेपला जाऊ शकतो. बसच्या मागच्या आसनांवरील प्रवाशांना गतिरोधकावर मणक्याचे अस्थिभंग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यामुळे लांबच्या प्रवासाचा बेत असेल, तर पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीने हाडांच्या घनतेची तपासणी करावी का, हे आधीच डॉक्टरांना विचारावे. दणक्यानंतर पाठीत एकाच जागी तीव्र कळ राहिली, तर ‘रस्ता खराब होता’ म्हणून ती सोडून देऊ नये. मोठा खड्डा टाळता येत नसेल आणि सूचना वेळेवर मिळाली असेल, तर फुटरेस्टवर भार देऊन सीटवरून किंचित उठावे. गुडघे स्प्रिंगचे काम करतात आणि कणा वाचतो.

गाडी दोघांसाठी लावावी लागते

साधारण दोनशे किलोची गाडी आणि ७५ किलोचा चालक, म्हणजे २७५ किलो. त्यात ६० किलोची दुसरी व्यक्ती आणि २० किलोचे सामान आले, की वजन ३५५ किलो होते. हे वाढीव ८० किलो बहुतांशी मागच्या चाकावर पडतात. मागची स्प्रिंग दबते, गाडीचे नाक वर होते, हँडल हलके वाटू लागते आणि रात्री दिव्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्प्रिंग आधीच दबलेली असल्याने पुढच्या खड्ड्यात ती पार तळाला आपटते आणि धक्का थेट मागच्या कण्यात जातो.

यासाठी मागच्या शॉक अॅब्झॉर्बरचा ताण वाढवण्याची सोय असते. गाडीसोबतच्या पुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी टायरमधल्या हवेचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात, शिवाय गाडीने पेलायच्या वजनाची मर्यादाही असते. निघण्याआधी या तीन गोष्टी पाहायला दहा मिनिटे पुरतात. जड बॅगा शक्यतो खाली आणि दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या असाव्यात.

ब्रेकचा हिशेबही बदलतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेक दाबेपर्यंतच दीड बसइतके अंतर संपते. वाढलेल्या वजनामुळे तोच वेग रोखायला ब्रेकला जास्त ऊर्जा शोषावी लागते. ब्रेक लागताच मागची व्यक्ती पुढे घसरते आणि तिचा भार चालकाच्या मनगटांवर येतो. अशा वेळी मागच्याने एक हात चालकाच्या कमरेला आणि दुसरा मागच्या दांडीला धरलेला असेल, तर दोघांचाही तोल राहतो.

पाणी न पिण्याचा हट्ट

महामार्गावर स्वच्छ स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नसते. म्हणून अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मोटरसायकलवर हा हट्ट अधिक महागात पडतो. वाऱ्यामुळे घाम लगेच उडून जातो, त्यामुळे शरीरातले पाणी कमी होत असल्याचे लक्षात येत नाही. डोके दुखते, चिडचिड होते, पोटऱ्यांत गोळे येतात. लघवी तासन्तास रोखून धरणे आणि पाणी कमी पिणे, या दोन्हींमुळे मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. स्त्रियांत मूत्रमार्ग आखूड असल्याने तो धोका मुळातच जास्त असतो.

म्हणून प्रवासाचा आराखडा पेट्रोल पंपांपेक्षा स्वच्छतागृहांवर आधारलेला असावा. दीड तासाने किंवा शंभर किलोमीटरवर थांबायचेच, असे ठरवून घ्यावे. थांबल्यावर पाच मिनिटे चालावे. एका जागी चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासात पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दिसले होते. मागच्या व्यक्तीचे पाय तर गिअरसाठीही हलत नाहीत.

ऊन आणि गारवा यांचेही तसेच आहे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असतो. तेव्हाची हवा त्वचेपेक्षा गरम असते आणि वारा अंगाला उष्णता देतो. बाह्या मोकळ्या सोडण्यापेक्षा अंगभर कपडे आणि आतला ओलसर सुती थर जास्त उपयोगी पडतो. थंडीत उलटे होते. १० अंश तापमानात ताशी ८० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला चार अंशांसारखा जाणवतो. चालकाचे हातपाय थोडेतरी हलत असतात. मागची व्यक्ती स्थिर असते, म्हणून तिला हुडहुडी लवकर भरते. तिचे जॅकेट चालकाच्या जॅकेटपेक्षा पातळ असण्याचे काही कारण नाही.

कान आणि डोके

महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९० ते १०० डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असे मानले, तर दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास उरतो. मागची सीट बहुधा उंच असते, त्यामुळे चालकाच्या डोक्यावरून येणारा भोवऱ्यासारखा वारा थेट मागच्या हेल्मेटवर आदळतो. मुक्कामी पोहोचल्यावर कानांत शिट्टी वाजत असेल, तर कानांनी दिलेली ती तक्रार समजावी. फोमचे साधे बोळे वाऱ्याचा आवाज बराच कमी करतात. वाऱ्यावर मात करण्यासाठी इंटरकॉमवर गाणी मोठी करणे हा मात्र उलटा उपाय आहे.

हेल्मेटबाबत अजूनही एक विचित्र भेद दिसतो. चालकाकडे हजारोंचे हेल्मेट आणि मागे टोपीवजा काहीतरी. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा अपघातांत मृत्यू झाला. त्यातले १४,३३७ जण मागे बसलेले होते. मोटर वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की अपघातात हेल्मेटमुळे डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्क्यांनी घटतो. आयएसआय चिन्ह असलेले, पट्टा नीट आवळलेले आणि मापाचे हेल्मेट असेल तरच हा लाभ मिळतो. ओढणी आणि साडीचा पदर चाकात अडकून मानेला गंभीर इजा होतात, सायलेन्सरचा चटका पोटरीवर बसतो. म्हणून दौऱ्यावर पूर्ण लांबीची पँट, घोट्यापर्यंतचे बूट आणि आखूड, बंदिस्त जॅकेट हाच पोशाख योग्य.

उंचावर एकमेकांचे डॉक्टर

लडाखला जाणाऱ्या जोडप्यांसाठी आणखी एक मुद्दा जिवाचा आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, खार्दुंग ला सुमारे ५,३६० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. मनालीहून जाताना सार्चूला मुक्काम केला, तर शरीराला एका दिवसात दोन हजार मीटरहून जास्त उंची गाठावी लागते. श्रीनगर, कारगिल, लेह हा रस्ता टप्प्याटप्प्याने चढतो. तीन हजार मीटरनंतर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम आहे. लेहला पोहोचल्यावर किमान दोन दिवस विश्रांती हवी. उंचीच्या त्रासावरची औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे ही पहिली लक्षणे. मागे बसलेली व्यक्ती गप्प झाली, की ती दमली असे समजले जाते आणि इथेच चूक होते. मेंदूला सूज येऊ लागली, की माणूस असंबद्ध बोलतो आणि त्याचा तोल जातो. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून पावले टाकायला सांगावे. ते जमले नाही, किंवा विश्रांती घेत असतानाही धाप लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचे आणि उपचार गाठायचे.

जोडप्याचे बळ इथेच कामी येते. समोरच्याचे नेहमीचे बोलणे, नेहमीची भूक, नेहमीची चाल जोडीदाराइतकी कोणाला ठाऊक नसते. फक्त विचारणे दोन्ही बाजूंनी हवे आणि थांबा म्हणण्याचा पहिला अधिकार मागच्या सीटकडे हवा. तिने खांद्यावर दोनदा थोपटले, की गाडी पहिल्या सुरक्षित जागी बाजूला घ्यायची, कारण नंतर विचारायचे. एवढा एक करार निघण्याआधी झाला, तर पुढच्या वर्षीच्या दौऱ्यालाही मागची सीट रिकामी राहणार नाही.