नियम, नियंत्रक आणि चिकित्सा

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंगमध्ये निर्णय नियंत्रक घेतो. स्विच त्याच्या नियमांनुसार माहितीची पाकिटे पुढे धाडतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातून २००८ मध्ये पुढे आलेल्या ओपनफ्लोने या दोघांना समान भाषा दिली.

संदेश अडला, की आपल्या विद्यार्थ्यांनी कार्यकारणभावाने शोध घ्यावा. प्रथम जोडणी पाहावी: नियंत्रकाचा पत्ता बरोबर आहे काय, ६६५३ (जुन्या रचनेत ६६३३) हे पोर्ट खुले आहे काय, दोघांची ओपनफ्लो-आवृत्ती जुळते काय? जोडणी तुटली तरी ओपन व्हीस्विच ‘स्टँडअलोन’ स्थितीत साध्या स्विचप्रमाणे चालतो. म्हणून वाहतूक सुरू असणे हा जोडणीचा पुरावा नव्हे.

नंतर नियमासमोरील पाकिटांची मोजणी वाचावी. ती शून्यावरच राहिली, तर नियमाच्या अटी पाकिटांशी जुळत नाहीत किंवा अधिक प्राधान्याचा दुसरा नियम ती आधीच उचलतो.

नियम लिहिला म्हणजे तो अमलात आला, असे नव्हे. संविधानाचे यश ते राबवणाऱ्यांवर अवलंबून असते, हा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता.

महागडी प्रयोगशाळा नसली तरी मिनीनेट हे मोफत साधन एकाच संगणकावर संपूर्ण जाळे उभारते. आंबागडच्या मुलामुलींनी हे ज्ञान दुसऱ्यांची मिरासदारी मानू नये, असे आम्हांस वाटते.