सांडव्यातली वाळू आणि पुराचे तास

मातीच्या धरणावरून पाणी गेले की धरण संपले, म्हणून बाजूला सांडवा काढतात. मोठ्या धरणांचा सांडवा काँक्रीटचा असतो. लहान तलावांचा, त्यातही दहा-वीस वर्षांतून एखाद्या वेळी वाहणारा पूरक सांडवा, म्हणजे जमिनीत खोदलेला आणि गवताने झाकलेला एक रुंद चर. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पाणलोट योजनेतले पहिले धरण 1948 मध्ये ओक्लाहोमातल्या कॉर्डेल गावाजवळ पुरे झाले. पुढे त्या देशात अशी 11,000 हून अधिक धरणे उभी राहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांचा शेवटचा आधार असा गवताळ चरच आहे. आपल्याकडेही 1972 च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर झालेल्या अनेक पाझर तलावांचे सांडवे थेट मुरमात खोदलेले आहेत. चर रेताड जमिनीत असला की ‘ही वाळू पाण्याने वाहून जाईल का?’ असे विचारले जाते. माझ्या मते इथेच गफलत होते. वाळू वाहणारच. पूर ओसरायच्या आत ती किती वाहील, हे विचारायला हवे.

हे ठासून म्हणण्याला साध्या गणिताचा आधार आहे. स्वीडनच्या युलस्ट्रॉम यांनी 1935 मध्ये दाखवून दिले की पाण्याच्या सर्वांत कमी वेगाला हलतात ते मध्यम-बारीक वाळूचे कण. त्यांच्याहून बारीक चिकणमाती एकमेकांना धरून बसते, तर खडे वजनाने बसतात. वाळूला ना चिकटपणा ना भार. अर्ध्या मिलिमीटरचा सुटा कण उचलायला तळावर पाव-अर्धा पास्कल ओढ पुरते. आता तीन टक्के उताराच्या चरातून मीटरभर खोल पाणी वाहते आहे असे धरा. तळावर सुमारे 300 पास्कल ओढ पडते. वाळूची सहनशक्ती इथे हजारपटीच्या आसपास ओलांडली जाते. ती 0.2 आहे की 0.4, यावर काथ्याकूट करून काही हाती लागत नाही. गवत शाबूत आहे तोवर ही बहुतेक ओढ पाती आणि मुळे पेलतात. गवताची साय फाटली की मग सगळे मातीच्या गुणावर.

तो गुण म्हणजे झीज होण्याचा वेग: सहनशक्तीच्या वर पडणाऱ्या दर पास्कलमागे माती किती झपाट्याने जाते, याचा गुणांक. ओढ सहनशक्तीच्या 100 पास्कल वर आहे आणि गुणांक 10 घन सेंटिमीटर प्रति न्यूटन-सेकंद आहे असे मानले, तर तासाला 3.6 मीटर खोली जाते. गुणांक 0.1 असेल तर तासाला 3.6 सेंटिमीटर. दोन्ही मातींचा चाळणीतला आलेख थोडाच वेगळा असू शकतो, पण एकीच्या सांडव्यात सकाळी घळ पडेल आणि दुसरीच्या सांडव्यात पूर निघून जाईल. हा फरक पाडतात थोडीशी चिकणमाती, दाबणी आणि दाबताना मातीत असलेला ओलावा. ओक्लाहोमातच स्टिलवॉटरच्या प्रयोगशाळेत दोन मीटरहून उंच बांध बांधून त्यांवरून पाणी सोडले गेले. जेमतेम चिकणमाती असलेला गाळमिश्र वाळूचा बांध तासाभरात फुटला. चांगल्या चिकणमातीचा बांध वीसेक तासांनंतरही उभा होता. कोरडी माती नुसती रोलर फिरवून दाबली तर ती टणक दिसते, पण आतल्या पोकळ्या तशाच राहतात आणि पाणी लागले की ढासळते. नेमक्या ओलीवर दाबलेली तीच माती कित्येक पट चिवट निघते.

मग गुणांक मोजायचा कसा? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकात खडकापासून वाळूपर्यंत सगळ्याला लागू असलेला एक निर्देशांक आहे. त्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन यांच्या 1982 च्या कामात: यंत्राने जमीन उकरायला किती कष्ट पडतील, हे ठरवण्यासाठी तो होता. त्यात 63.5 किलोचा हातोडा 76 सेंटिमीटरवरून टाकून किती ठोके लागतात यावर वाळूला आकडा मिळतो, अगदी सैल असेल तर 0.02 आणि फार घट्ट असेल तर 0.41. हे चांगलेच आहे, कारण नुसत्या दाटपणाने वीसपट फरक पडतो हे तोही मान्य करतो. पण कातळासाठी आखलेल्या पट्टीवर साऱ्या रेताड माती पहिल्याच खाचेत गोळा होतात, आणि चिकणमातीच्या अंशाचा परिणाम त्यात सुटून जातो. म्हणून मला पाण्याच्या धारेची चाचणी अधिक प्रामाणिक वाटते. पाण्याखाली बुडवलेल्या मातीवर साधारण 6 मिलिमीटरच्या तोटीतून धार सोडायची आणि ठराविक वेळाने सुईने खळग्याची खोली मोजायची. चिवट मातीत दर पाच-दहा मिनिटांनी वाचन घेता येते. सैल वाळूत पहिल्या काही सेकंदांतच खळगा इतका खोल जातो की पुढचे वाचन घ्यायला काही उरत नाही.

यावर आक्षेप येतो की मग वाळूत ही चाचणी चालत नाही. मला उलट वाटते: मोजता न येण्याइतका वेग हेच तिथले उत्तर आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हाताएवढ्या जागेवरचे माप शेकडो मीटर लांब चराला कसे लागू करायचे? खरे आहे, रेताड जमीन थरांची असते आणि घळ सर्वांत कच्च्या थरातून मागे सरकते. म्हणून सरासरी काढण्यात अर्थ नाही. अनेक ठिकाणी मोजून सर्वांत वाईट आकडा धरायचा. शिवाय ओल्या वाळूचा खोटा ताठरपणा लक्षात घ्यावा लागतो. डिसेंबरात खणलेली वाळूची भिंत कणांमधल्या पाण्याच्या ताणावर सरळ उभी राहते. ती पाण्याखाली गेली की तो ताण नाहीसा होतो आणि भिंत जागच्या जागी विरघळते. माती भिजवून घेतल्याशिवाय केलेली चाचणी म्हणजे हिवाळ्यातल्या भिंतीचे माप.

‘त्यापेक्षा सरळ काँक्रीट टाका’, असेही म्हटले जाते. हजारो लहान तलावांना ते परवडत नाही, ही एक बाजू झाली. दुसरी बाजू कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल धरणाने दाखवली. 235 मीटर उंचीचे हे अमेरिकेतले सर्वांत उंच मातीचे धरण. फेब्रुवारी 2017 मध्ये त्याचा काँक्रीटचा मुख्य सांडवाच फरशीखालच्या कमजोर जमिनीमुळे उखडला. मग 11 तारखेला पाणी आपत्कालीन सांडव्यावरून गेले, जिथे बंधाऱ्याखाली उघडा डोंगरउतार होता. तो प्रवाह सेकंदाला सुमारे 350 घनमीटर, म्हणजे संकल्पित क्षमतेच्या पाच टक्क्यांहूनही कमी होता. तरी झिजलेल्या खडकातून घळ बंधाऱ्याच्या दिशेने मागे सरकू लागली आणि 12 तारखेला सुमारे 1,88,000 लोकांना घरे सोडावी लागली. तिथे वाळू नव्हती. पण हा उतार किती तास तग धरेल याचा अंदाज मात्र साफ चुकलेला होता.

म्हणून रेताड सांडव्याची तपासणी प्रयोगशाळेत सुरू होऊ नये. आधी चर पायी चालून पाहावा. गवत कुठे विरळ आहे, गुरांची वाट कुठून उतरते, ट्रॅक्टरच्या चाकोरीत पाणी कुठे साचते. पाणी आधी तिथेच एकवटते, तिथेच साय फाटते. तोटी लावायची ती हिरव्यागार भागात नव्हे, त्या चाकोरीत, माती पुरती भिजल्यावर.